खाकरण्यासकट तोंडपाठ

खांबेट्यांच्या घरात सगळं सुरळीत चाललं होतं आणि नेमकं तेच अरुणकुमारला खुपत होतं. ज्ञानदाने दहावीची परीक्षा दिली होती, पुढे काय करायचं ते तिचं तिने ठरवलं होतं, शाळा तिनेच शोधली होती आणि फॉर्मही तिनेच ऑनलाइन भरून टाकला होता. बापाने करण्यासारखं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. अरुणकुमार कुवेतमध्ये मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीला माणसं पुरवणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्स बघायचा. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या कामात चुका काढणं हा त्याचा पेशा. असा माणूस संध्याकाळी फहाहीलला घरी येतो आणि त्याला कळतं की सगळं झालेलं आहे. तो गप्प बसेल का?

शाळा ब्रिटिश होती आणि प्रवेश सिक्स्थ फॉर्मचा होता. सिक्स्थ फॉर्म म्हणजे आपली अकरावी-बारावीच, फक्त ब्लेझर घालून. ज्ञानदाला त्या शाळेचा स्विमिंग पूल नको होता, थिएटर नको होतं. तिला फिजिक्स, मॅथ्स आणि आर्ट हे तीन विषय एकत्र हवे होते आणि तिच्या इंडियन शाळेत ते मिळत नव्हते. तिथे सायन्स घेणाऱ्याने चित्रं काढायची ती भिंगातून जाणाऱ्या किरणांची, तीसुद्धा बाण दाखवून. ब्रिटिश शाळेत आर्टच्या जागा मोजक्याच होत्या. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत, आणि मुलाखतीला स्वतःची चित्रं घेऊन जायचं.

"आय हॅव इट अंडर कंट्रोल, बाबा," ती म्हणाली.

ऑफिसात हे वाक्य जो कोणी म्हणायचा, त्याच्या फायली अरुणकुमार सगळ्यात आधी मागवायचा.

त्याने चौकशी सुरू केली ती खालच्या मजल्यावरून. तिथे कासमभाई राहायचे. मूळचे दापोलीकडचे, फहाहीलच्या बाजारात मोबाइलचं दुकान. त्यांची अफ्रीन मागच्याच वर्षी त्याच शाळेत लागली होती. अरुणकुमार सहज आल्यासारखा गेला, सहज बसला, सहज दुसरा चहा घेतला आणि मग सहज विचारलं की तयारी काय काय केली होतीत.

"काय नाय केली," कासमभाई म्हणाले. "ती गेली, बोलली, आली. मी गाडीत झोपलेलो."

अरुणकुमार समजून हसला. हातचं राखून बोलणारी माणसं त्याने खूप बघितली होती. त्याने मोर्चा फखरुन्निसावहिनींकडे वळवला. त्या म्हणाल्या, खरंच काय नाय ओ भावजी, सकाळी तांदळाची भाकरी नि अंडं खाऊन गेलेली पोर. एवढी मोठी गोष्ट ही माणसं अशी दडपतात, याचं त्याला वाईट वाटलं. तरी घरी आल्यावर त्याने बायकोला, सुजाताला, विचारून ठेवलं की तांदळाची भाकरी तुला जमते का. सुजाता एका दवाखान्यात लॅबमध्ये होती. रोज माणसांचं रक्त तपासत असल्यामुळे ती असल्या प्रश्नांना उत्तर देत नसे.

वरच्या मजल्यावरच्या आदित्यकडून मात्र भरभरून मिळालं. आदित्य बँकेत आयटीला. बोलताना हवेत चौकोन काढायचा आणि त्यात शब्द ठेवायचा. त्याचं म्हणणं असं की मार्कांना हल्ली कोणी विचारत नाही, स्टोरी लागते. स्टोरीत स्ट्रगल लागतो. आता ज्ञानदाचा स्ट्रगल कुठून आणायचा? जन्म कुवेतचा, घरात एसी, शाळेला बस. नवरा-बायकोने बसून खूप आठवलं. एकदा लिफ्ट बंद असताना ती दप्तर घेऊन जिन्याने वर आली होती, एवढंच निघालं. अरुणकुमारने तेही बाजूला काढून ठेवलं. वेळ काही सांगून येत नाही.

तिसरा सल्ला सुरुची मोघेंचा. सुरुचीताई मराठी मंडळाच्या सांस्कृतिक सचिव. रांगोळीपासून ढोलापर्यंत सगळं त्यांच्याच हातात, आणि जे नाही ते त्या घेतात. त्यांनी ज्ञानदाची चित्रं बघायला मागितली. ज्ञानदाने आणून दाखवली. खांबेट्यांच्या बाल्कनीतून लांबवर रिफायनरीच्या चिमण्यांवरच्या ज्वाला दिसतात. ज्ञानदा कित्येक वर्षं त्याच काढायची. कोळशाने, खडूने, कधी नुसत्या पेनाने. वाऱ्याने आडवी झालेली ज्वाला, धुळीतली ज्वाला, बुडाशी निळी पडलेली ज्वाला. सुरुचीताईंनी सगळी बघितली आणि पाहुण्याच्या घरचं बाळ बघून म्हणतात तसं "छान" म्हणाल्या. मग अरुणकुमारला म्हणाल्या, परदेशी लोकांना आपलं कल्चर लागतं. वारली आणा, गणपती आणा. आणि जाता जाता एक वाक्य टाकून गेल्या, की रिफायनरीची एवढी चित्रं घेऊन फिरणं तसं बरं नाही, उद्या कोणी विचारलं की ही कशासाठी काढली.

त्या वाक्याने अरुणकुमारची झोप गेली. दिवसा विचार केला असता तर त्याला कळलं असतं की ज्या ज्वाला अख्ख्या फहाहीलला रोज दिसतात, त्यात गुपित काही नाही. पण ज्याचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, कंपनीच्या हातात असतो, तो असा विचार दिवसासुद्धा करत नाही. सकाळी उठून त्याने सगळ्या ज्वाला गुंडाळल्या आणि कपाटावर ठेवल्या. सुरुचीताईंनी रोज संध्याकाळी शिकवणी घेऊन ज्ञानदाकडून वारली काढून घेतली. जिथे हात कच्चा वाटला तिथे स्वतः फिरवला.

"बट दोज आर माइन," ज्ञानदा कपाटाकडे बघत म्हणाली.

"ही पण तुझीच म्हणायची," अरुणकुमार म्हणाला.

मग कागदपत्रं आली. ब्रिटिश शाळेने सध्याच्या शाळेचा वर्तणुकीचा दाखला मागितला होता, आणि पुढे लिहिलं होतं, असल्यास. 'असल्यास' हा शब्द अरुणकुमारने आयुष्यात कधी सोडून दिलेला नाही. तो इंडियन शाळेत गेला. खिडकीतल्या बाईंनी समजावलं की असा दाखला शाळा सोडणाऱ्यालाच मिळतो. जी मुलगी सोडतच नाही, तिची वर्तणूक चांगली आहे हे शाळेने लोकांना का सांगत सुटावं? आणि सोडत असेल तर तिची अकरावीची जागा रद्द. अरुणकुमार म्हणाला, ती सोडतेय असं नाही, सोडली तर. बाई म्हणाल्या, मग प्रिन्सिपॉलना भेटा.

प्रिन्सिपॉलना तोपर्यंत कल्पनाही नव्हती की आपली एक हुशार मुलगी निघून जाण्याच्या विचारात आहे. त्यांनी अरुणकुमारला चहा दिला, निष्ठा या विषयावर बरंच बोलले आणि शेवटी एका अटीवर दाखला दिला. अकरावीचा स्ट्रीम आताच्या आता सही करून पक्का करा. सायन्स विथ कॉम्प्युटर, बदल होणार नाही. अरुणकुमारने सही केली. बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर त्याच्या लक्षात आलं की अडलंनडलं तर मागे फिरायचा रस्ताही आपण मुलीला न विचारता ठरवून आलोय. पण हातात दाखला होता, शिक्का ठसठशीत होता. ज्ञानदाने तो उलटापालटा करून बघितला.

"इट सेज ऑप्शनल, नो?" ती म्हणाली.

लेखी परीक्षा तिने दिली आणि उत्तम मार्कांनी पास झाली. या भागात काही घडलंच नाही, कारण परीक्षेच्या हॉलमध्ये पालकांना सोडत नव्हते.

उरली मुलाखत. दर शुक्रवारी, म्हणजे कुवेतच्या सुट्टीच्या दिवशी, खांबेट्यांच्या हॉलमध्ये सराव सुरू झाला. सोफ्यावर पॅनेल, समोर डायनिंगची खुर्ची, खुर्चीवर ज्ञानदा. आदित्य पुढच्या आयुष्याबद्दल विचारायचा, सुरुचीताई संस्कृतीबद्दल. कासमभाई नमाज आटोपून वर यायचे, बोलावलंय म्हणून बसायचे, आणि त्यांची पाळी आली की विचारायचे, "जेवलीस काय गो?" ज्ञानदा हसून सांगायची, हो चाचा, आज वरण-भात आणि बटाट्याची भाजी, भाजी आईने थोडी जाळली. सगळ्या शुक्रवारांत मिळून तिने मोकळेपणी दिलेलं उत्तर तेवढं एकच. अरुणकुमार ते धरत नसे.

बाकी उत्तरं त्याला ढिली वाटायची. शेवटी त्याने ती स्वतःच तयार केली आणि फोनवर रेकॉर्ड केली. घरी कुकरच्या शिट्ट्या मध्ये यायच्या म्हणून ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा लावून. त्या दिवसांत धूळ उडत होती, सगळ्या कुवेतचा घसा धरला होता, त्यामुळे दर दोन वाक्यांनी तो खाकरायचा. एकेक उत्तर तो ज्ञानदाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा आणि ती बाल्कनीत बसून कानात घालून ऐकायची. पोरगी पाठांतराला पहिल्यापासून पक्की. बघता बघता सगळं तोंडपाठ झालं.

मुलाखतीला आईवडिलांनाही बोलावलं होतं. कोणाच्या दारात पहिल्यांदा जायचं तर रिकाम्या हाताने जायचं नाही, हे अरुणकुमारच्या रक्तातच होतं, सुजाताने लॅबमध्ये तपासलं असतं तरी सापडलं असतं. त्याने शेंगदाण्याचे लाडू करवून घेतले. फखरुन्निसावहिनींनी डब्यावर केशरी रिबन बांधून दिली. शाळेच्या दारात एक मोठी पाटी होती. शेंगदाणे, काजू, बदाम, पिस्ते, अक्रोड, सगळ्यांची चित्रं आणि सगळ्यांवर तांबडी फुली. शाळेतल्या काही मुलांना दाण्याची अ‍ॅलर्जी होती, दाण्याचा कणसुद्धा आत चालत नव्हता. सुजाताने पाटी वाचली. अरुणकुमारने पाटीकडे बघून म्हटलं, बघ, ड्रायफ्रूट किती आवडतं या लोकांना.

पुढचं फार भराभर झालं. रखवालदाराने डबा विचारला, अरुणकुमारने अभिमानाने उघडला, रखवालदार दोन पावलं मागे सरला. शाळेची नर्स हातमोजे घालून आली, डबा दोन पिशव्यांत बांधून घेऊन गेली आणि परत येऊन अरुणकुमारला म्हणाली की हात धुवा. त्याने धुतले. तिने वास घेऊन पुन्हा धुवायला सांगितले. ठेवणीतला सूट, त्याच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या, अशा थाटात खांबेटे कुटुंबाचा प्रमुख मुलाखतीच्या खोलीत शिरला.

मिसेस लॅथम म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या प्रमुख आणि आर्टच्या शिक्षिका. साध्या, हसऱ्या बाई. त्यांनी आईवडिलांना बाजूच्या सोफ्यावर बसवलं आणि ज्ञानदाला समोर. पहिलाच प्रश्न, आमच्याकडे का यावंसं वाटतं. हा रेकॉर्डिंगमधला पहिलाच होता. अरुणकुमार खुशीत पुढे सरकला.

"बेसिकली, मॅडम," ज्ञानदाने सुरुवात केली, आणि सुजाताने दचकून वर बघितलं. मुलीचा रोजचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. शब्दाशब्दाला पायाखाली वीट ठेवल्यासारखं ते इंग्रजी होतं, एका मिरजेच्या अकाउंटंटचं. दोन वाक्यं झाल्यावर ती थांबली आणि खाकरली. मिसेस लॅथमनी पाण्याचा ग्लास पुढे केला. दुसऱ्या उत्तरात ती पुन्हा त्याच थाटात खाकरली, तेव्हा त्यांनी एसी कमी केला. तिसऱ्या वेळी त्यांचं लक्ष सोफ्याकडे गेलं. तिथे अरुणकुमारचे ओठ हलत होते. मुलीच्या जरा पुढेच होते. एका शब्दाला ज्ञानदा अडली, आणि सोफ्यावरून मोठ्याने आलं, "होलिस्टिक."

सुजाता स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

मिसेस लॅथमनी वारलीची चित्रं उघडली. छान आहेत म्हणाल्या. मग विचारलं, ही माणसं तू गोलात का नाचवली आहेस? हे रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं. ज्ञानदाने चित्राकडे बघितलं, बाबाकडे बघितलं.

"आय डोन्ट नो," ती म्हणाली.

अरुणकुमारने डोळे मिटून घेतले. त्या दुपारी त्या खोलीत बोललेलं ते पहिलं खरं वाक्य होतं, हे त्याला सोडून सगळ्यांना कळलं.

परतीच्या वाटेवर गाडीत फक्त जीपीएस बोलत होता.

पण मिसेस लॅथम चांगल्या होत्या. काही दिवसांनी त्यांचा फोन आला, तोही सुजाताला. लेखीचे मार्क फार चांगले आहेत, म्हणाल्या, मला ज्ञानदाला पुन्हा भेटायचंय. एकटीला. कोणी सांगत नसताना ती जे काढते ते घेऊन येऊ दे. आणि पालकांनी गाडीत थांबलं तर बरं.

सुजाताने त्या दिवशी घरात एक नियम केला. पुढचा आठवडाभर अरुणकुमारने ज्ञानदाशी हवा, भाजी आणि इंटरनेटचा स्पीड या तीन विषयांवरच बोलायचं. शुक्रवारचं पॅनेल बंद झालं. आदित्यने हवेत एक शेवटचा चौकोन काढला आणि तो वर गेला. सुरुचीताईंनी नाराज होऊन ब्रश परत नेले. ज्ञानदाने कपाटावरून गुंडाळी काढली, जमिनीवर सगळ्या ज्वाला पसरल्या, आणि बोटं काळी करून घेत आणखी दोन नव्या काढल्या. काढताना ती काहीतरी गुणगुणत होती. घरात हे गुणगुणणं बंद झालं होतं, आणि ते बंद झालं होतं हे अरुणकुमारला आता ऐकू आल्यावर कळलं. त्याला ओशाळल्यासारखं झालं. आपण पुरते सुधारलो आहोत असंही त्याला वाटलं, आणि हे मात्र त्याने जरा घाईने धरलं.

मुलाखतीच्या दिवशी सुजाताला ड्यूटी होती. गाडीत दोघंच. अख्ख्या रस्त्यात अरुणकुमार कांद्यावर बोलला. शाळेच्या दाराशी गाडी थांबली. ज्ञानदाने मागच्या सीटवरून गुंडाळी घेतली, दाराला हात घातला, आणि त्याला राहवलं नाही.

"फक्त एकच सांगतो," तो म्हणाला.

हे वाक्य त्याने कुठून घेतलं नव्हतं, रेकॉर्ड केलं नव्हतं. ते त्याला तिथेच, स्टिअरिंगवर हात असताना सुचलं, आणि म्हणून ते त्याला फारच खरं वाटलं. तो म्हणाला, शेवटी त्या विचारतीलच की का यायचंय. तेव्हा एवढंच म्हण, माय फादर्स ड्रीम इज माय ड्रीम. बाकी सगळं तुझं. बोलता बोलता त्याला खाकरावं लागलं, आणि या वेळी धूळ नव्हती.

ज्ञानदाने दारावरचा हात काढून गुंडाळी दोन्ही हातांनी धरली.

"ओके, बाबा," ती म्हणाली आणि गेली.

आठवड्याने शाळेतून फोन आला. चित्रं सुंदर आहेत. मुलगी हुशार आहे. पण जागा थोड्या, आणि आम्हाला ज्यांना स्वतःला यायचंय अशी मुलं आधी घ्यावी लागतात. मिसेस लॅथमना वाईट वाटत होतं, ते फोनवरही कळत होतं. अरुणकुमार थँक यू म्हणाला आणि त्यांनी फोन ठेवल्यावरही दोनदा म्हणाला. आदित्य म्हणाला की स्टोरीच कमी पडली. सुरुचीताईंनी सांगितलं की वारली ठेवली असती तर. कासमभाई वर आले, ज्ञानदासमोर कलिंगड ठेवलं, आणि थोडा वेळ बसून गेले.

अकरावीचा युनिफॉर्म घ्यायला अरुणकुमार ज्ञानदाला फहाहीलच्या दुकानात घेऊन गेला. सायन्स विथ कॉम्प्युटर. तिने वाद घातला नव्हता, रडली नव्हती. खरं तर ती फारशी बोलतच नव्हती. विचारलं तर उत्तर द्यायची, सभ्य आणि छोटं, परक्या माणसाला द्यावं तसं. दुकानदाराने पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट दिला. तो घालून ती आरशासमोर उभी राहिली. मागे उभा असलेला अरुणकुमार आरशातल्या तिलाच म्हणाला, कारण सरळ तिच्याकडे बघून विचारायचा धीर त्याला होत नव्हता.

"त्या दिवशी काय झालं गं आत?"

"काही नाही. ड्रॉइंग्ज आवडली तिला. आम्ही खूप वेळ बोललो, फ्लेमचा कलर खाली का बदलतो वगैरे." ती कॉलरची बटणं लावत होती. "मग तिने विचारलं, का यायचंय. मला माहीत होतं काय सांगायचं ते. माझं. पण तू गाडीत असा बघत होतास ना. म्हणून मी तुझं सांगितलं."

"मग?"

"मग ती म्हणाली, समजा हे बाबांचं स्वप्न नसतं, तर?" ज्ञानदाने वरचं बटण लावलं आणि पुन्हा काढलं. "तेव्हा मला बोलताच येईना. माझं कारण सांगितलं असतं तर तुझं वाक्य खोटं पडलं असतं. सो आय जस्ट सॅट देअर."

काय होतं तुझं कारण, हे विचारायचं त्याच्या जिभेवर आलं होतं. ते विचारायची वेळ उन्हाळ्यापूर्वीच होऊन गेली होती. दुकानदार हातात टेप घेऊन उभा होता. साइज ठीक है क्या, त्याने विचारलं.

"बाही जरा लांब होतेय," अरुणकुमार म्हणाला.

"असू दे," ज्ञानदा म्हणाली. "मी दुमडून घेईन."